नोकरी सांभाळून राज्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी : चेन्नईतील मराठी वाचकांसाठी

नोकरीनिमित्त चेन्नईस येऊन स्थिरावलेली मराठी मंडळी जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांत असोत, पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात असोत, की एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या विभागीय कचेरीत असोत, त्यांच्याकडून एक प्रश्न पुनःपुन्हा येतो : नोकरी न सोडता राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत एम.ए. करता येईल काय, आणि केल्यास ती पदवी पुढे चालेल काय? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, करता येते. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र आपण कोणत्या संस्थेत, कोणत्या पद्धतीने आणि मुख्यतः कशासाठी शिकता यावर अवलंबून असल्यामुळे, पैसे भरण्यापूर्वी या तिन्ही बाबींची खातरजमा करून घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम हेतू ठरवा

हा प्रश्न विचारणाऱ्यांत चार प्रकारचे लोक असतात आणि चौघांनाही एकच सल्ला लागू पडत नाही.

- अध्यापन वा संशोधन करावयाचे असल्यास पदव्युत्तर पदवी सामान्यतः अनिवार्य आहे, आणि नुसते उत्तीर्ण होऊन भागत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी, म्हणजे ‘नेट’साठी, खुल्या प्रवर्गास ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांस ५० टक्के गुण आवश्यक असतात. या परीक्षेत राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अध्ययन आणि संरक्षण व सामरिक अध्ययन असे स्वतंत्र विषय आहेत. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेस वयाची अट नाही, ही गोष्ट चाळिशीतल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.
- बढती वा वेतनवाढ हवी असल्यास आधी आपल्याच कचेरीच्या आस्थापना शाखेत चौकशी करावी. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये उच्च शिक्षणाबद्दल एकरकमी प्रोत्साहन वाढवून एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पदव्युत्तर पदवीस २५ हजार रुपये ठरविले खरे. पण निव्वळ विद्याविषयक वा वाङ्मयीन विषयांना ते मिळत नाही, विषयाचा प्रत्यक्ष कामाशी थेट संबंध असावा लागतो. लेखा शाखेतील कर्मचाऱ्यास आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीपोटी ही रक्कम मिळण्याची आशा फारशी धरता येणार नाही.
- प्रशासकीय वा परराष्ट्र सेवेत जावयाचे असल्यास एम.ए.ची गरजच नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी पुरते, परराष्ट्र सेवेचा दरवाजाही त्याच परीक्षेतून उघडतो, आणि ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांचा ऐच्छिक विषय पदव्युत्तर पदवीविनाही घेता येतो. त्या परीक्षेच्या तयारीचे वर्ष एम.ए.च्या स्वाध्यायांत खर्ची घालणे शहाणपणाचे नव्हे.
- केवळ जिज्ञासा असल्यास आपण सर्वांत सुखी आहात. ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरील राज्यशास्त्राचा एखादा निःशुल्क पाठ्यक्रम आधी पुरा करून पाहावा. तो बारा आठवडे निभावला तर एम.ए.चा विचार करावा, न निभावल्यास निदान पैसे तरी वाचले.

शेवटच्या वर्गातील वाचकांनी संकोच बाळगू नये. कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासच्या हायस्कुलात गणित व विज्ञान शिकलेले मराठीभाषक टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्षही झाले. राज्यशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

‘अंशकालीन’ या शब्दाची छाननी

परदेशांत सायंकाळी वर्ग भरवून नोकरदारांना शिकविण्याची परंपरा जुनी आहे. १८२३ साली स्थापन झालेले लंडनचे बर्कबेक कॉलेज तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मात्र राज्यशास्त्राच्या एम.ए.चे सायंवर्ग दुर्मीळ असून, जाहिरातींत ज्याला ‘पार्ट टाइम’ किंवा ‘वीकेंड एम.ए.’ म्हटलेले असते ते बहुधा दूरस्थ अथवा ऑनलाइन शिक्षणच असते. त्यात गैर काही नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. गैर घडते ते तेव्हा, जेव्हा शिक्षणाची पद्धत कोणती हे संस्था स्पष्ट सांगत नाही. म्हणून ‘शनिवारी वर्ग असतो का’ या प्रश्नाआधी ‘माझ्या नोंदणीत शिक्षणपद्धती कोणती लिहिली जाईल आणि त्या पद्धतीस या सत्रासाठी आयोगाची मान्यता आहे काय’ हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

चेन्नईतून उपलब्ध असलेले मार्ग

सर्वांत सरळ मार्ग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र शहरातच आहे, आणि राष्ट्रीय विद्यापीठ असल्याने उद्या आपली बदली नागपूरला किंवा गुवाहाटीला झाली तरी नोंदणी तिकडे वळवून घेता येते. बदलीच्या नोकरीत या एका सोयीचे मोल फार आहे. राज्यशास्त्राच्या एम.ए.स कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असून प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत दिले जातात. पहिल्या वर्षाचा पाया राजकीय सिद्धांत, आंतरराष्ट्रीय संबंध, भारतातील लोकशाही व विकास आणि तौलनिक राजकारण या विषयांचा राहत आला आहे. दुसऱ्या वर्षी ज्यांचा ओढा आंतरराष्ट्रीय बाजूकडे आहे त्यांनी भारत आणि जग, शांतता व संघर्ष, युरोपीय संघ, लॅटिन अमेरिका किंवा आफ्रिका यांसारखे विषय निवडावेत; निवडीची यादी सत्रागणिक बदलू शकत असल्याने ताजी माहितीपुस्तिका पाहूनच निर्णय घ्यावा. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे. मराठीतून पदवी घेतलेल्यांना पहिले काही महिने इंग्रजी पुस्तिका जड जातात. त्यांनी भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी हाताशी ठेवाव्यात.

सैदापेट येथे तामिळनाडू मुक्त विद्यापीठ आहे. २००२ च्या कायद्याने स्थापन झालेले हे विद्यापीठ तमिळ व इंग्रजी माध्यमांतून शिकविते. चेन्नईतच दीर्घकाळ राहणार असल्यास हा पर्यायही विचारात घ्यावा. चेपॉकच्या मद्रास विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग १९८१ पासून चालू आहे. तिथे राज्यशास्त्र, लोकप्रशासन किंवा तत्सम कोणता अभ्यासक्रम चालू सत्रात मान्य आहे, हे प्रत्यक्ष कचेरीत जाऊन विचारावे. चेपॉक स्थानकापासून ती हाकेच्या अंतरावर आहे.

मराठी माध्यमाच्या ओढीने अनेकांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ आठवते. राज्य विद्यापीठांना दूरस्थ शिक्षणाची अभ्यासकेंद्रे व परीक्षाकेंद्रे आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर काढता येत नाहीत. तेव्हा परीक्षेसाठी दर खेपेस महाराष्ट्रात जाण्याची रजा आणि प्रवासखर्च यांचा हिशोब मांडूनच त्या वाटेस जावे. पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे भौगोलिक बंधन नाही.

दिवसा भरणारे नियमित वर्ग, उदाहरणार्थ मरीनासमोरील प्रेसिडेन्सी कॉलेजातील राज्यशास्त्र किंवा मद्रास विद्यापीठातील संरक्षण व सामरिक अध्ययन, हे अभ्यासाच्या दृष्टीने सरस आहेत हे कबूल केलेच पाहिजे. पण तेथे ७५ टक्के उपस्थितीचा दंडक असल्याने दीर्घ रजेवाचून ते जमत नाही. उपस्थिती ‘सांभाळून घेऊ’ असे कोणी सुचविल्यास त्या वाटेला जाऊ नये, कारण त्याच काळात कचेरीच्या हजेरीपटावरही आपली सही असणार आणि हे दोन दस्तऐवज एखाद्या दिवशी एकाच टेबलावर येऊ शकतात.

वेळेचा हिशोब

वेळेच्या बाबतीत बहुतेकांची कल्पना फार आशावादी असते. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे अध्ययन आणि वर्षाचे चाळीस श्रेयांक धरले, तर वर्षाला १२०० तास होतात. म्हणजे आठवड्याला सुमारे तेवीस. शोळिंगनल्लूर ते तांबरम असा रोजचा प्रवास करून रात्री नवाला घरी पोहोचणाऱ्या माणसाने हे दोन वर्षांत पुरे करीन म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. इग्नूच्या एम.ए.ची किमान मुदत दोन वर्षांची असली तरी कमाल चार वर्षांची आहे. तीन वर्षांची आखणी करावी, म्हणजे आठवड्याला पंधरा-सोळा तास पुरतात.

स्वाध्यायांना एकूण गुणांत ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेस ७० टक्के महत्त्व असते, आणि स्वाध्याय दिल्यावाचून परीक्षेस बसण्याचा हक्क येत नाही. हे स्वाध्याय स्वहस्ते लिहावे लागतात. दिवसभर कळफलक बडविणाऱ्या बोटांना एका विषयाची पंधरा-वीस पाने लेखणीने लिहिताना काय होते याचा अनुभव परीक्षेच्या आठवड्यात घेण्यापेक्षा आधीच घेतलेला बरा. मुखपृष्ठावर नोंदणी क्रमांक, विषयाचा संकेतांक व अभ्यासकेंद्राचा क्रमांक लिहावा, प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि पोच घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नये. गुण नोंदले गेले नाहीत तर त्या पोचपावतीखेरीज दुसरा पुरावा नसतो. दाखल करण्याची मुदत अनेकदा वाढवून मिळते, पण वाढेलच असे धरून चालू नये.

परीक्षा जून व डिसेंबरमध्ये होतात. चेन्नईत डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचा शेवटचा टप्पा. २०१५ च्या डिसेंबरातील महापूर आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचौंग चक्रीवादळ यांनी या शहराचे व्यवहार कसे ठप्प केले ते येथील रहिवाशांना सांगावयास नको. जड विषय जूनला आणि हलके विषय डिसेंबरला ठेवावेत. बँकेत वा हिशोब खात्यात असलेल्यांना मार्चअखेर उसंत नसते. त्यांनी जूनचे स्वाध्याय फेब्रुवारीपूर्वीच हातावेगळे करावेत.

आणखी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा स्वतंत्र उल्लेख करावासा वाटतो. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी करण्यासाठी पहिल्या वर्षाचे विषय उत्तीर्ण असावे लागत नाहीत. निकालाची वाट पाहत बसून पुनर्नोंदणीची मुदत हुकविलेले आणि अख्खे वर्ष गमावलेले लोक पुष्कळ आहेत.

फसगतीच्या जागा

- मान्यता सत्रनिहाय असते. विद्यापीठ मान्य असणे आणि त्या विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी, त्या पद्धतीने मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींची नोंद पाहावी व त्या पानाची प्रत छापून दप्तरी ठेवावी. २०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः मंडळाच्या संकेतस्थळावर ओळख क्रमांक काढणे सक्तीचे झाले आहे. ‘तो आम्हीच काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे.
- पदवीविना पदव्युत्तर पदवी. मुक्त विद्यापीठीय योजनेत मूळ पदवी नसतानाही एम.ए.स प्रवेश देण्याची प्रथा तामिळनाडूत एके काळी बोकाळली होती. येथीलच एका शासकीय नेमणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अण्णामलै विद्यापीठाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या पदवीशिवाय घेतलेली अशी पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. राज्य शासनानेही त्याच वर्षी दहावी, बारावी, मग पदवी हा क्रम नोकरीसाठी आवश्यक ठरविला. आपल्या शिक्षणाच्या साखळीत एखादा दुवा वेगळ्या मार्गाने जोडलेला असल्यास पुढील पदवीचे पैसे भरण्याआधी त्याचा निकाल लावून घ्यावा.
- खाजगी ‘केंद्रे’. विद्यापीठांना दूरशिक्षण मक्त्याने देण्यास मनाई आहे. शुल्क केवळ विद्यापीठाच्या खात्यात भरावे. एखाद्या शिकवणीवर्गाच्या नावाने मागितल्यास भरू नये.
- परदेशी ऑनलाइन पदवी. नाव मोठे असले तरी भारतात शासकीय नोकरी वा पुढील संशोधनासाठी समकक्षतेचा दाखला लागतो, आणि ऑनलाइन पदव्यांच्या बाबतीत तो मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. खाजगी कंपनीतच राहावयाचे असल्यास प्रश्न वेगळा.

एका गोष्टीची भीती मात्र आता उरलेली नाही. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एका वेळी दोन अभ्यासक्रमांस मुभा दिली असल्याने, व्यवस्थापनाची दूरस्थ पदविका चालू असतानाही एम.ए.ची नोंदणी करता येते.

परवानगी, रजा आणि पैसा

शासकीय कर्मचाऱ्यांनी दूरशिक्षणासाठीही खातेप्रमुखाची पूर्वपरवानगी घ्यावी. कामात खोळंबा होत नसेल तर ती सहसा नाकारली जात नाही. परवानगीचा कागद सेवापुस्तकात नोंदवून घ्यावा, कारण पुढे पदवीची नोंद करून घेताना पहिली विचारणा त्याचीच होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते. एका वेळी बारा महिने आणि संपूर्ण सेवेत चोवीस महिने ही तिची सामान्य मर्यादा. विषयाचा कामाशी निकटचा संबंध असावा, किंवा निदान त्यायोगे कर्मचाऱ्याची दृष्टी विस्तारून त्याची प्रशासकीय कुवत वाढावी, अशी अपेक्षा नियमांत आहे. राज्यशास्त्राच्या अर्जदाराने या दुसऱ्या कारणावर भर देऊन अर्ज लिहावा. रजेनंतर ठराविक काळ सेवा करण्याचे बंधपत्रही द्यावे लागते.

खाजगी कंपनीत अध्ययन रजेचा हक्क कायद्याने मिळत नाही. तेथे अर्जित रजा आणि वरिष्ठांची मर्जी एवढ्यावरच भिस्त. परीक्षेच्या तारखा जाहीर होताच रजेचा अर्ज टाकावा. पैशाबाबत इतकेच की, जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिक्षणशुल्काला मिळणारी वजावट स्वतःच्या शुल्काला लागू नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला मात्र आठ वर्षांपर्यंत ती मिळते. मुक्त विद्यापीठाच्या शुल्कासाठी मुळात कर्ज काढण्याची पाळी येऊ नये.

वर्ग नाही, पण शहर आहे

दूरशिक्षणाचा खरा दोष एकाकीपणा हा आहे. पुस्तिका घरी येतात, सल्लासत्रे शनिवार-रविवारी होतात आणि त्यांना जाणे सक्तीचे नसल्याने बहुतेक जण जात नाहीत. आपण जावे. वाद घालण्यास चार माणसे भेटल्यावाचून राज्यशास्त्र अंगी लागत नाही.

ग्रंथालयांच्या बाबतीत चेन्नई श्रीमंत आहे. एगमोरचे कोन्नेमारा ग्रंथालय १८९६ साली खुले झाले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे जाते त्यांपैकी ते एक असल्याने मराठी पुस्तकांचीही तेथे चौकशी करण्याजोगी आहे. कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात, जे २०१० मध्ये उघडले, स्वतःची पुस्तके घेऊन बसण्यासाठी स्वतंत्र दालन आहे. घरी लहान मुले असलेल्यांना रविवारी याहून उत्तम जागा मिळणार नाही. शिवाय चेन्नई सेंटर फॉर चायना स्टडीजसारख्या संस्थांची जाहीर व्याख्याने असतात. त्यांच्या निमंत्रणयादीत नाव घालून घ्यावे.

या शहरात राहून श्रीलंका हा विषय टाळणे म्हणजे करंटेपणा होईल. कच्चतीवू बेटाबाबतचा १९७४ चा करार व त्यानंतरचा १९७६ चा पत्रव्यवहार, पाल्कच्या सामुद्रधुनीतील मच्छीमारांची धरपकड, जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार आणि शांतिसेना, १९९१ साली श्रीपेरुंबुदूर येथे झालेली राजीव गांधींची हत्या, हे सर्व पुस्तकात एखाद्या परिच्छेदात आटोपते. येथील तमिळ सहकाऱ्यांच्या बोलण्यात मात्र ते आजही जिवंत आहे. एखादे घटकराज्य केंद्राच्या परराष्ट्र धोरणावर कसा दाब आणते याचे इतके ठळक उदाहरण देशात दुसरे क्वचितच सापडेल, आणि परीक्षेतील उत्तरात ते नेमक्या वर्षांसह मांडणारा परीक्षार्थी इतरांहून वेगळा उठून दिसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मोदी व शी जिनपिंग यांची भेट जिथे झाली ते मामल्लपुरमही येथून तास-दीड तासावर आहे. तिथल्या लेण्यांसमोर उभे राहून चीनविषयक प्रकरण वाचावे असे मी म्हणणार नाही, पण वाचून मग जावे.

आपले हक्क

प्रवेशासाठी मागितलेली मूळ प्रमाणपत्रे तपासून तत्काळ परत करणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याचे टप्पेही तीत दिलेले असून, प्रवेशाच्या अंतिम दिनांकापूर्वी पंधरा दिवस वा त्याहून आधी माघार घेतल्यास, प्रक्रियाखर्चाची अल्प रक्कम वगळता, पूर्ण शुल्क परत मिळावयास हवे. तक्रार आधी विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी करावी. तेथे दाद न लागल्यास २०२३ च्या विनियमांनुसार नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. गुणांविषयी शंका असल्यास माहितीच्या अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची मागणी करता येते; परीक्षार्थ्याचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे.

५५ टक्क्यांचा अडसर

अध्यापन वा पीएच.डी. मनात असलेल्यांसाठी एक शेवटची सूचना. पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. २०२२ च्या विनियमांनुसार अंशकालीन पीएच.डी.ची मुभा मात्र आहे, त्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र आणि एम.ए.स ५५ टक्के गुण लागतात. इग्नूत विषय ४० टक्क्यांना सुटतो, म्हणून विषय सुटत गेल्याच्या समाधानात एकूण टक्केवारी ५२-५३ वर येऊन थांबल्याचे निकालाच्या दिवशीच उमगते. सुधार-परीक्षेची तरतूद आहे खरी, पण ५५ टक्क्यांना दोन टक्क्यांपेक्षा अधिक तूट असल्यास ती उपयोगी पडत नाही, आणि तीही ठराविक मर्यादेतील विषयांपुरतीच, पदवी पूर्ण झाल्यानंतर अल्प मुदतीत घ्यावी लागते. यासाठी पहिल्या सत्रापासून एका कागदावर प्रत्येक विषयाचे स्वाध्यायाचे व परीक्षेचे गुण मांडून चालू सरासरी काढीत जावी, आणि ती ५७ च्या खाली उतरू लागताच पुढील सत्रात विषय कमी घेऊन मुदत वाढवून घ्यावी.